निघताना 'येतो' का म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे : "मी बडोद्यात वाढलो, आता नोकरीमुळे बाहेरगावी असतो. घरून निघताना 'जातो' म्हटलं की आजी दर वेळी टोकते, 'येतो म्हण.' जाणाऱ्यानं 'येतो' म्हणणं व्याकरणात बसतं का? की गुजराती 'आवजो'वरून हे आपल्याकडे आलं? आणि साधं स्टेशनला निघालेल्या माणसापुढे मरणाचा विषय काढायचाच कशाला?"

व्याकरणाचं आधी उरकून टाकू, कारण तिथे अडचणच नाही. 'येतो' हे 'जाऊन येतो'चं उरलेलं शेपूट. 'भाजी घेऊन येतो', 'पत्र टाकून येतो' असं आपण दिवसभर म्हणतो. इथे फक्त पुढचा तुकडा गळला. वर्तमानकाळाचंही नवल नको. 'उद्या देतो', 'रात्री फोन करतो' यांतलं देणं नि करणं व्हायचंच असतं. तेव्हा आजीचं मराठी बिनचूक आहे.

'आवजो'वरून आलं म्हणावं, तर कोल्हापूर-सांगलीकडची माणसं उंबऱ्यावर 'येतो'च म्हणतात, आणि त्यांना गुजरातीचा शेजार नाही. कन्नडात 'होगि बर्तीनि', तमिळमध्ये 'पोयिट्टु वरेन', दोन्हींचा अर्थ 'जाऊन येतो'. बंगाली माणूस नुसतं 'आशि' म्हणून निघतो, म्हणजे 'येतो'च. बडोद्यात आपण 'चल, आवजो' असं म्हणतो खरं, पण ती शेजारधर्माची भर. दोन्हींत एक बारीक फरक आहे. 'आवजो' ही विनंती, 'पुढे कधी या' अशी. 'येतो' हा जाणाऱ्यानं स्वतः दिलेला शब्द. त्यावर घरातला माणूस 'बरं, या' म्हणतो. हा 'या' मला फार आवडतो. 'या, बसा' म्हणून ज्या एका अक्षरानं पाहुण्याला आत घेतलं, त्याच अक्षरानं त्याला निरोप द्यायचा!

आता मूळ मुद्दा, 'जाणे'. हे क्रियापद कुठे, केव्हा, कशानं असं काहीतरी बरोबर मागतं. ते काढून नुसतं 'गेले' म्हणा, ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आमच्या नात्यात एकदा फोनवर कोणी विचारलं, "नाना गेले का?" इकडून उत्तर गेलं, "हो, पहाटेच गेले." पलीकडे रडारड सुरू झाल्यावर खुलासा झाला, की नाना पहाटेच्या गाडीनं मुंबईला गेले होते. त्या दिवसापासून आमच्या घरात गावाचं नाव घेतल्याशिवाय कोणी कुठे जात नाही.

ही रिकामी जागा भाषेला सहन होत नाही. म्हणून 'गेले'च्या पुढे कुठे ते भरलं जातं : देवाघरी गेले, कैलासवासी झाले, वारकऱ्यांत वैकुंठवासी, मुसलमान असेल तर पैगंबरवासी, ख्रिस्ती असेल तर ख्रिस्तवासी. आपल्या गुजराती शेजाऱ्यांत वैष्णव 'श्रीजीचरण' पावतो, स्वामिनारायण पंथातला 'धामात' जातो. ज्याला जिथली ओढ, तिथलं तिकीट. बडोद्यात एके ठिकाणी मात्र हा प्रश्न बगल देऊन सोडवलाय. विश्वामित्री नदीजवळ गायकवाड घराण्यातल्या दिवंगतांच्या स्मरणार्थ बांधलेली वास्तू आहे, जिच्या आत नंदलाल बोसांनी भिंतीवर गंगावतरण रंगवलंय. तिचं नाव कीर्तिमंदिर. गेलेले कुठे गेले याबद्दल त्या नावात अक्षर नाही; मागे काय राहिलं एवढंच आहे.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पुस्तकी उत्तर असं : मरण बोलायला नको वाटतं, म्हणून सौम्य शब्दांनी झाकायचं. दिवा विझत नाही, मालवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. देवापुढचा नारळही फोडत नाहीत, वाढवतात. 'येतो' याच रांगेत बसवतात. मला ते पटत नाही. 'दिवा मालवला' म्हणताना विझण्याची आठवण कोणाला होते? शब्द मुरून गेलाय. 'येतो'चं तसं झालेलं नाही. त्याच्या मागे टाळलेला 'जातो' अजून जागा आहे, म्हणून तर तुम्ही चुकता आणि आजी टोकते. मरण झाकण्याचा हा उपाय असेल, तर फारच कच्चा, कारण त्यापायी मरणाची आठवण रोज दारात होते. मला वाटतं, तो आहेच त्यासाठी.

आमच्या आईचा नियम कडक होता. रावपुऱ्यातलं घर माडीवर, लाकडी जिना. तोंडातून 'जातो' निसटलं की खाली पोचलेल्यालाही ती वर बोलवायची. चपला काढायच्या, हिंचक्यावर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि 'येतो' म्हणून पुन्हा निघायचं. भाऊ कॉलेजात असताना त्याचं आणि अप्पांचं स्कूटरवरून कडाक्याचं वाजलं. 'जातो मी!' असं ओरडून तो धडाधड जिना उतरला. आई कठड्याशी आली. "वर ये, पाणी पी," एवढंच. तो आला. हिंचक्यावर अप्पा बसलेले. टेकायचं तर त्यांच्याच शेजारी. दोघं दोन दिशांना तोंडं करून बसले, कडी कुरकुरत राहिली. पेला रिकामा झाल्यावर अप्पा म्हणाले, "रिझर्व्हला आलीय. आधी पेट्रोल भर." म्हणजे स्कूटर मिळाली. आईनं मरणाचं अवाक्षर काढलं नव्हतं. पण हा परत आला नाही तर शेवटचं बोलणं हे असं राहील, हे त्या तीन मिनिटांत दोघांनाही कळलं असणार.

कठोपनिषदातला नचिकेता मला यामुळेच आपल्या घरातला वाटतो. वडील रागाच्या भरात म्हणाले, "तुला मृत्यूला देतो," आणि पोरगा खरंच गेला. यम घरी नव्हता. तीन रात्री उपाशी बसला, त्याबद्दल तीन वर मिळाले. मेल्यावर माणूस उरतो की नाही, हा त्याचा प्रसिद्ध प्रश्न तिसरा. पहिला वर त्यानं काय मागितला? वडिलांचा राग जावा, आणि मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून माझ्याशी बोलावं. यमाच्या दारात बसून आधी घरचं भांडण मिटवलं, परलोकाची चौकशी मागाहून. 'जाऊन येतो' हे इतकं शब्दशः दुसऱ्या कोणी केलं असेल असं वाटत नाही.

गणपतीचंही पाहा. उत्तरपूजेत मूर्तीच्या हातावर दही ठेवतो, अक्षता टाकताना 'पुनरागमनाय च' म्हणतो, आणि मग तिला जागेवरून हलवतो. देवालाही 'येतो' म्हणायला लावल्याशिवाय आपण सोडत नाही.

तेव्हा ऑफिसातून 'निघतो' म्हणा, त्याला कोणाची हरकत नाही. मित्रांत 'चल, आवजो' चालेल. आजीला 'येतो'च म्हणा, आणि ती 'ये' म्हणेपर्यंत जिन्यावर थांबा.

याला एकच अपवाद आहे, आणि तो बडोदेकर मराठी नि गुजराती दोघंही पाळतात. कुणाच्या बेसण्याला, म्हणजे कोणी गेल्यावर भरणाऱ्या शोकबैठकीला, गेलात तर उठताना 'येतो' म्हणायचं नाही, दारातल्या माणसानंही 'आवजो' म्हणायचं नाही. अशा निमित्तानं त्या घरी परत यायची वेळ नको. तिथे नुसते हात जोडायचे आणि ढिगातून आपल्या चपला शोधायच्या.