व्हर्टिगो, व्हर्टिकल आणि डोक्यावरचा भोवरा

प्रश्न असा: ‘व्हर्टिगो म्हणजे उंचीची भीती का? आणि त्यात ते व्हर्टिकलमधलंच व्हर्टि आहे का?’

पहिल्याचं उत्तर, नाही. उंचीच्या भीतीला अॅक्रोफोबिया म्हणतात. कड्यावरून खाली पाहताना गरगरतं, म्हणून लोक दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात एवढंच. व्हर्टिगो अंथरुणावर कूस बदलतानाही होतो. आपण स्थिर असूनही आपण किंवा आजूबाजूचं सगळं फिरतंय असं वाटणं, हा त्याचा नेमका अर्थ. आपला तोल सांभाळण्यात आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांचा मोठा वाटा असतो. तिथून चुकीचा निरोप गेला की मेंदूची फसगत होते.

शब्दाची घडणही हेच सांगते. लॅटिनमध्ये ‘वेर्तेरे’ म्हणजे वळणं, वळवणं, फिरवणं. त्यावरून ‘वेर्तिगो’, म्हणजे गरगर फिरणं, आणि मग त्या फिरण्याने येणारी भोवळ. लॅटिनमध्ये दोन्ही अर्थ होते. इंग्रजीने मुख्यतः दुसरा ठेवला. शब्दाचं मूळ अंग ‘वेर्तिगिन्-’ असं असल्यामुळे विशेषण व्हर्टिजिनस होतं, त्यातल्या ‘गि’चा उच्चार इंग्रजीत ‘जि’ झाला. तो ज मधेच कुठून उपटला, असं वाटण्याचं कारण नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि खरी गंमत इथेच आहे. व्हर्टिकल हा त्याचा भाऊबंदच, पण नातं उंचीमुळे जुळलेलं नाही. त्याच वेर्तेरेपासून ‘वेर्तेक्स’ झाला. त्याचा अर्थ पाण्यातला भोवरा. पुढे डोक्यावर केस जिथे गोल फिरतात ती जागा, मग टाळू, मग कुठलंही शिखर. शिखराच्या रेषेत असलेलं ते व्हर्टिकल. म्हणजे सरळसोट उभ्या रेषेच्या पोटातही गोल फिरणंच दडलंय! ‘वोर्तेक्स’ हे त्याच शब्दाचं दुसरं रूप. इंग्रजीत ते पाण्याच्या आणि वाऱ्याच्या भोवऱ्याकडे राहिलं.

मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको. नदीतला भोवरा, डोक्यावरचा भोवरा आणि दोरीने फिरवायचा भोवरा, तिन्हींना आपल्याकडे एकच शब्द. भोवळ त्याच घरातली. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पाणी, केस आणि भोवळ एकाच धाग्यात ओवावीत, हे मला फार आवडतं.

भोवऱ्याचं घराणं संस्कृत ‘भ्रम्’चं. वेर्तेरेचं सख्खं नातं संस्कृत ‘वृत्’शी, म्हणजे आपल्या वर्तुळ, आवर्त, परिवर्तन या शब्दांशी. (यावरून लॅटिन संस्कृतातून निघाली असं कृपया कुणी म्हणू नये. दोघींचा पूर्वज एक, इतकंच.)

मग मराठीत काय म्हणावं? ‘चक्कर’ रूढ आहे, पण ‘चक्कर येऊन पडला’ म्हटलं की ऐकणाऱ्याला शुद्ध गेली असं वाटतं, भोवळीचंही तेच. व्हर्टिगोत शुद्ध जात नाही. मला विचाराल तर ‘गरगरणं’ सगळ्यांत नेमकं. डॉक्टरांना सांगताना तर ‘चक्कर येते’वर न थांबता ‘खोली फिरल्यासारखी वाटते’ असंच सांगावं.