१.१०.० ही आवृत्ती १.९.० पेक्षा जुनी का ठरते?

कारण तुमचा कोड आवृत्ती क्रमांकांची तुलना साध्या स्ट्रिंगसारखी, म्हणजे अक्षरांच्या ओळीसारखी करतोय. स्ट्रिंगमध्ये एकेक अक्षर तपासलं जातं. पहिल्या टिंबानंतर एकीकडे '१' आणि दुसरीकडे '९' आला की निकाल तिथेच लागतो. मागचं शून्य कोणी बघतच नाही. फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) बदलणं तर त्याहून वाईट, कारण १.१० आणि १.१ एकच होऊन बसतात.

टिंबावर तोडून आकडे केले की बरंचसं काम होतं, पण '२.०.०-आरसी.१' (आरसी म्हणजे अंतिम आवृत्तीआधीची चाचणी आवृत्ती) आलं की ते कोसळतं. सेमव्हर या आवृत्ती क्रमांकांच्या प्रमाण पद्धतीच्या नियमांनुसार अशी पूर्व-आवृत्ती २.०.० च्या आधीची धरतात, आणि अधिक चिन्हापुढची बिल्डची माहिती क्रम लावताना सोडून देतात. हे सगळं स्वतः लिहू नका, मनापासून सांगतो. पायथनमध्ये 'पॅकेजिंग' लायब्ररीतला व्हर्जन क्लास वापरा, नोडमध्ये (जावास्क्रिप्टसाठी) 'सेमव्हर' पॅकेज. पायथनची जुनी उत्तरं डिस्टयुटिल्स या मॉड्यूलमधला लूजव्हर्जन सुचवतात, पण पायथन ३.१२ पासून ते मॉड्यूलच काढून टाकलंय.

वैधता तपासायलाही हीच साधनं पुरतात: चुकीच्या क्रमांकावर पायथनचा व्हर्जन क्लास एक्सेप्शन (त्रुटी) देतो, नोडचं व्हॅलिड फंक्शन नल (रिकामं मूल्य) परत करतं.

मात्र दोघांचे नियम वेगळे आहेत. पायथनला '१.०' चालतं आणि ते १.०.० इतकंच मानलं जातं. सेमव्हरला तीनही आकडे लागतात, शिवाय '१.०२.०' मधलं आधीचं शून्य चालत नाही. म्हणून पॅकेज ज्या परिसंस्थेचं, तिचेच नियम लावा.