वाचकांचे प्रश्न : गावोगावचा पिझ्झा आणि त्यामागची घराणी

प्रश्न : मुलीकडे कनेक्टिकटला आले असताना जावयांनी आम्हाला न्यू हेवनच्या वूस्टर स्ट्रीटवर पिझ्झा खायला नेले. दुकानासमोर तासाभराची रांग होती. पाटीवर ‘पिझ्झा’ऐवजी ‘अपिझ्झा’ असे लिहिले होते. आम्ही साधा पिझ्झा मागवला, तर त्यावर चीज नावालाच होते आणि कडा काळ्या पडल्या होत्या. आम्हाला तो करपलेला वाटला, पण शेजारच्या टेबलावरची मंडळी तसलाच पिझ्झा मन लावून खात होती. हा काय प्रकार आहे?

उत्तर : आपल्याला जे वाढले गेले ते तिथल्या रीतीप्रमाणे अगदी बरोबर होते आणि आपल्या जावयांनी आपल्याला योग्य ठिकाणी नेले, हे आधी सांगतो. ‘अपिझ्झा’ हा शब्द नेपल्सच्या परिसरातल्या बोलीतून आला आहे. त्या बोलीत स्त्रीलिंगी नामाआधी ‘आ’ हे उपपद लागते, शब्दाच्या शेवटचा स्वर जवळजवळ गिळला जातो आणि ‘प’ हा ‘ब’कडे झुकतो, त्यामुळे पाटीवर ‘अपिझ्झा’ असले तरी जुने न्यू हेवनकर त्याला ‘अबीट्स’ म्हणतात आणि मोझरेला चीजला ‘मूट्स’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण इटलीतून जी कुटुंबे इथे आली, त्यांच्यासोबत शाळेतली प्रमाण इटालियन भाषा आली नाही, घरातली बोली आली. आज त्यांच्या पणतवंडांना इटालियनमधले एक वाक्यही धड बोलता येत नसेल, पण हा एक शब्द ती पणजोबांच्या उच्चाराने बोलतात. मला त्या शहराच्या पिझ्झाइतकीच ही गोष्टही प्रिय आहे.

चीज कमी का, याचे उत्तर सोपे आहे. न्यू हेवनमध्ये साधा पिझ्झा म्हणजे टोमॅटो, ओरेगानो, थोडे ऑलिव्ह तेल आणि किसलेले पेकोरिनो रोमानो चीज, एवढेच. मोझरेला तिथे कांदा किंवा मश्रूमसारखा वरून मागून घ्यायचा असतो. न मागता तो मिळाला नाही, यात दुकानदाराची कुचराई नाही.

काळ्या कडांचे उत्तर मात्र भट्टीत आहे. वूस्टर स्ट्रीटवरची दोन्ही नामांकित दुकाने कोळशावर चालणाऱ्या, विटांनी बांधलेल्या भट्टीत पिझ्झा भाजतात. चांगल्या दगडी कोळशाचा धूर फार कमी आणि आच कोरडी व अतिशय तीव्र असते. घरातल्या ओव्हनच्या कितीतरी पट तापलेल्या त्या फरशीवर पातळ लाटलेले, सावकाश आंबवलेले पीठ पडले की त्यातला ओलावा झपाट्याने निघून जातो, तळ कुरकुरीत होतो, आत चिवटपणा राहतो आणि जिथे फुगे येतात तिथे काळे डाग पडतात. करपलेल्या पिठाचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. या डागांची कडसर चव मात्र टोमॅटोच्या आंबटगोडाशी लगेच मिसळून जाते. पुढच्या वेळी कडेचा तुकडा टोमॅटोसह एकाच घासात खाऊन पाहावा, म्हणजे फरक लक्षात येईल.

या दोन दुकानांचे नातेही सांगण्यासारखे आहे. अमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या मायोरी गावातून आलेल्या फ्रँक पेपे यांनी १९२५ मध्ये आपले दुकान काढले. त्यांचे भाचे साल्वातोरे कॉन्सिलियो यांनी मामांच्या हाताखाली काम केल्यावर १९३८ मध्ये त्याच रस्त्यावर, काही पावलांच्या अंतरावर ‘सॅलीज’ सुरू केले. शहरातले तिसरे मोठे नाव म्हणजे स्टेट स्ट्रीटवरचे ‘मॉडर्न’. ते १९३४ चे. पेपेंच्या दुकानात साठच्या दशकात शिंपल्यांचा पांढरा पिझ्झा निघाला, आणि आज बाहेरचा माणूस बहुधा त्याच्यासाठी येतो. पेपेंकडे जाणारे घर आणि सॅलीजकडे जाणारे घर अशी विभागणी शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. वादाचा सूर कितीही चढला तरी दोन्ही पक्ष एकाच मामा-भाच्याच्या हातचे खात असतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. ट्रेंटनचे माझे सहकारी म्हणतात की त्यांच्या गावचा ‘टोमॅटो पाय’ हा पिझ्झा नव्हेच. शिवाय अमेरिकेतले सर्वांत जुने पिझ्झाचे दुकान आपल्याकडेच आहे, असाही त्यांचा दावा आहे. न्यूयॉर्कचे मित्र हे दोन्ही मान्य करत नाहीत. खरे काय?

उत्तर : पहिल्या मुद्द्यावर आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे मी थोडे मवाळ करून स्वीकारीन. टोमॅटो पाय हा पिझ्झाच आहे, पण त्याचा क्रम उलटा आहे. आधी चीज पिठावर पसरतात आणि मग हाताने कुस्करलेले टोमॅटो ठिकठिकाणी टाकतात. चीज खाली गेल्यामुळे टोमॅटोचे पाणी पिठात मुरत नाही, तळ कुरकुरीत राहतो आणि टोमॅटोला भट्टीची आच थेट लागून त्याची चव दाट होते. घटक सारे तेच, फक्त क्रम बदललेला, आणि तेवढ्यावर एका गावाने आपले वेगळे नाव टिकवले आहे. घोटाळा टाळण्यासाठी एवढे ध्यानात असू द्यावे की फिलाडेल्फियात आणि न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकामध्ये ‘टोमॅटो पाय’ म्हणजे बेकरीत मिळणारा, जाड पावासारखा, वर दाट टोमॅटो आणि किसलेले चीज घातलेला चौकोनी प्रकार. ऱ्होड आयलंडच्या बेकऱ्यांत त्याचेच भावंड ‘पिझ्झा स्ट्रिप’ या नावाने गार विकले जाते.

दुसरा मुद्दा शब्दांच्या नेमकेपणाचा आहे. न्यूयॉर्कच्या ‘लोम्बार्डीज’साठी १९०५ हे साल सर्वत्र सांगितले जाते. परंतु ते दुकान १९८४ मध्ये बंद पडले आणि दहा वर्षांनी जवळच्या दुसऱ्या जागेत पुन्हा उघडले. ट्रेंटनचे ‘पापाज’ १९१२ पासून खंड न पडता एकाच कुटुंबाकडे आहे. म्हणून ‘सर्वांत जुने’ असे न्यूयॉर्ककरांनी म्हणावे आणि ‘अखंड चालू असलेले’ असे ट्रेंटनकरांनी. दोघांचेही समाधान व्हायला हरकत नाही. यात भर अशी की पीटर रेगस या अभ्यासकाने जुनी कागदपत्रे तपासून, लोम्बार्डींच्याही आधी फिलिपो मिलोने नावाचा माणूस न्यूयॉर्कमध्ये पिझ्झाची दुकाने काढत होता, असे दाखवले आहे.

एक गोष्ट आपल्या सहकाऱ्यांना दुखवण्याचा हेतू न ठेवता सांगायला हवी. ‘पापाज’ २०१३ मध्ये ट्रेंटन सोडून जवळच्या रॉबिन्सव्हिलला गेले. ट्रेंटनच्या हडसन स्ट्रीटवरचे ‘डी लोरेंझोज’ही २०१२ मध्ये बंद झाले आणि त्या कुटुंबाचे काम आता रॉबिन्सव्हिललाच चालते. हडसन स्ट्रीटवरच्या त्या लहानशा दुकानात ग्राहकांसाठी स्वच्छतागृहसुद्धा नव्हते, तरी लोक ताटकळत उभे राहत. ग्राहकांची कुटुंबे उपनगरांत गेली आणि दुकाने त्यांच्या मागोमाग गेली. मी याला गावाशी केलेली प्रतारणा मानत नाही. ज्यांच्या आग्रहामुळे टोमॅटो अजून चीजच्या वर राहिला, ती माणसे जिथे आहेत तिथे दुकान गेले.

प्रश्न : आम्ही कडक शाकाहारी आहोत. या जुन्या दुकानांत आम्ही काय मागवावे?

उत्तर : मांस आणि शिंपले टाळणे सोपे आहे; विचारायचे ते चीजबद्दल. अस्सल पेकोरिनो रोमानो मेंढीच्या दुधाचे असते आणि ते दूध फाडण्यासाठी कोकराच्या जठरातले रेनेट वापरतात. आपल्याला ते चालत नसेल, तर ‘नो ग्रेटेड चीज’ असे स्पष्ट सांगावे. मोझरेलाच्या रेनेटबद्दलही विचारून घ्यावे. टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर भाजलेला पिझ्झा मागितला तर कोणी भुवया उंचावणार नाही, उलट जुन्या कारागिराला आनंद होईल, कारण पिठाची आणि टोमॅटोची पारख त्यातच होते.

प्रश्न : डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा आता कुठल्याही शहरात मिळतो. मग बाकीच्या गावांचे प्रकार त्यांच्याच गावात का अडकून राहिले? आणि कुटुंबाने चालवलेले दुकान खरेच चांगले असते, की हा नुसता भावनेचा भाग आहे?

उत्तर : माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर भांड्यांत आहे. डेट्रॉइटमध्ये १९४६ मध्ये गस गेरा यांच्या ‘बडीज’मध्ये जो पिझ्झा सुरू झाला, तो निळसर पोलादाच्या खोल चौकोनी ट्रेमध्ये भाजला जाई. हे ट्रे मोटारींच्या कारखान्यांत सुटे भाग ठेवायला वापरत, असे सांगतात. विस्कॉन्सिनचे ‘ब्रिक’ चीज ट्रेच्या कडेपर्यंत पसरायचे, म्हणजे ते तापलेल्या पत्र्यावर वितळून कुरकुरीत कड तयार होते. सॉस शेवटी, वरून. असा ट्रे टपालाने मागवता येतो आणि कोणत्याही ओव्हनमध्ये बसतो, म्हणून तो पिझ्झा देशभर जाऊ शकला. विटांची कोळशाची भट्टी अशी उचलून नेता येत नाही. आणि जिथे भांडे नेण्याजोगे आहे तिथेही जीभ आड येते : सेंट लुईसच्या पापडासारख्या पातळ पिझ्झावर जे ‘प्रोव्हेल’ चीज घालतात, ते तिथल्या माणसाला बालपणापासून सवयीचे असते आणि बाहेरच्याला टाळूला चिकटल्यासारखे वाटते.

कुटुंबाचे नाव पाटीवर आहे म्हणून पिझ्झा चांगला होतो, असे मी म्हणणार नाही. निष्काळजीपणे चालवलेली कौटुंबिक दुकानेही मी पाहिली आहेत. पण एकच माणूस वीस-तीस वर्षे एकाच भट्टीपुढे उभा राहतो, तेव्हा तिचा कोणता कोपरा जास्त तापतो, दमट दिवशी पिठात पाणी किती कमी घालायचे, हे त्याच्या हाताला ठाऊक असते, आणि ते कागदावर लिहून दुसऱ्याला देता येत नाही. घरातली मुले शाळा सुटल्यावर तिथेच वाढतात म्हणून त्यांच्यापर्यंत ते पोहोचते. त्यांनी दुसरे काम धरले, तर ते तिथेच थांबते. फिलाडेल्फियाच्या ‘टाकोनेलीज’मध्ये अनेक वर्षे ग्राहकाने आधी फोन करून आपल्या वाट्याचे पीठ राखून ठेवण्याची रीत होती, कारण त्या दिवशी जितके पीठ मळले तितकेच पिझ्झे. असे दुकान दहा शाखा काढू शकत नाही.

आपल्याला अजून गावातच राहिलेला प्रकार पाहायचा असेल, तर पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनजवळच्या ओल्ड फोर्जला जावे. जेमतेम साडेआठ हजार वस्तीचे हे जुने कोळसा खाणींचे गाव स्वतःला जगाची पिझ्झा राजधानी म्हणवते आणि त्याच्या मुख्य रस्त्यावर एकापाठोपाठ एक पिझ्झाची दुकाने आहेत. तिथे पिझ्झाला ‘ट्रे’ म्हणतात आणि तुकड्याला ‘कट’. ‘रेड’ म्हणजे टोमॅटोचा उघडा, ‘व्हाइट’ म्हणजे पिठाच्या दोन थरांमध्ये चीज भरलेला. पहिल्या खेपेला ‘रेड’ मागवावा, आणि त्या गावात असेपर्यंत ‘स्लाइस’ हा शब्द वापरू नये.