'जन्मठेप कायम' म्हणजे कायमचा आत?

सोलापूरच्या एका वाचकांनी विचारलंय: "बातमी होती, 'खुनातील जन्मठेप हायकोर्टात कायम, पिस्तुलाच्या गुन्ह्यातून सुटका.' आमचे मामा म्हणाले, गडी आता कायमचा आत. 'कायम'चा असा अर्थ होतो का?"

इथे नाही होत. मामांचं चुकलं ते साहजिक आहे. कायम नोकरी, कायमचा पत्ता हे रोजच्या तोंडातलं, आणि सोलापुरात तर कन्नड बोलणारा शेजारीही नोकरी 'खायम' झाली म्हणतो. पण मूळ अरबी 'काइम' म्हणजे उभा असलेला. खालच्या कोर्टाचा निकाल अपिलात पडला नाही, उभा राहिला, एवढंच. (गंमत म्हणजे 'कायदा' हा शब्द अरबीत 'बसणे' या धातूवरून आलाय!)

मात्र उभं काय राहिलं, ते बघायला हवं. गुन्हा केला असं ठरणं ही दोषसिद्धी. त्यापायी भोगायचं ती शिक्षा. म्हणून 'दोषसिद्धी कायम, शिक्षा कमी' हे अगदी शक्य आहे. खुनाऐवजी सदोष मनुष्यवध (खुनाहून कमी गंभीर गुन्हा) ठरला, तर दोषसिद्धीच बदलते. शिवाय प्रत्येक आरोपाचा हिशेब वेगळा. शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 39 प्रमाणे विनापरवाना पिस्तूल बाळगल्याचा खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते. ती घेतलेली नसेल तर तेवढा भाग ढासळू शकतो, खून जागच्या जागी. अशा वेळी 'सुटका' लिहू नये, माणूस तुरुंगाच्या दारातून बाहेर आल्यासारखं वाटतं. 'त्या आरोपातून निर्दोष मुक्तता' बरं.

फाशीचं निराळं. सेशन्स कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाच्या मान्यतेशिवाय अमलातच येत नाही. म्हणून तिथे 'कायम ठेवली'पेक्षा 'कायम केली' नेमकं. 'शिक्कामोर्तब' शोभतं तेही तिथेच.

जाता जाता: वकील–वकिलाने, तसं अपील–अपिलात, 'पि' ऱ्हस्व. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची हायकोर्टातली अपिलं मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (हायकोर्टाच्या तिथल्या खंडपीठाकडे) जातात, तेव्हा हा शब्द तुमच्याकडच्या बातम्यांत बराच दिसेल.

आणि मामांना अगदीच हरवू नका. गोपाळ गोडसे प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 1961 साली सांगितलंय की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सरकारने सूट दिली तरच आधी बाहेर. 'कायमचा आत' हे 'कायम'मध्ये नाही, 'जन्मठेप'मध्ये आहे.