बुद्धिबळातील टू नाइट्स बचावात पांढऱ्याचा घोडा चौथ्याच खेळीला जी५ वर आला आणि मी क्लबच्या स्पर्धेतील डाव हरलो. हा बचाव सोडून द्यावा का?

बचाव सोडू नका; बदलायची आहे ती फक्त पाचवी खेळी. हाच डाव मीही आमच्या क्लबच्या स्पर्धेत हरलो आहे.

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५ यानंतर पांढऱ्याचा उंट आणि घोडा दोघेही एफ७ च्या प्याद्यावर रोखलेले असतात आणि त्या प्याद्याला राजाखेरीज कोणाचाच जोर नसतो, म्हणून ४... डी५ (तीन टिंबे म्हणजे काळ्याची खेळी) योग्यच आहे. पांढऱ्याने ते प्यादे मारल्यावर मी मात्र विचार न करता घोड्याने डी५ चे प्यादे परत घेतले. त्याने एफ७ वर घोडा दिला, माझ्या राजाने तो मारला आणि वजीर एफ३ वरून शह आला. आता डी५ वरच्या माझ्या घोड्यावर वजीर आणि उंट अशी दुहेरी नजर होती. राजा मागे न्यावा तर घोडा जातो, म्हणून तो ई६ वर, पटाच्या अगदी मध्यभागी आणावा लागला. अशा स्थितीतला अचूक बचाव घड्याळ चालू असताना शोधणे आपल्या पातळीवर फार कठीण असते.

त्याऐवजी ५... घोडा ए५ खेळून उंटाला हुसकावा. ६. उंट बी५ शह सी६ ७. डी घेई सी६ (म्हणजे डी स्तंभातले प्यादे सी६ वर मारते), बी घेई सी६ यानंतर तुम्ही एका प्याद्याने मागे असता, परंतु उंट ई२ वर परतला की एच६, आणि घोडा एफ३ वर गेला की ई४, अशी प्रत्येक खेळीला पांढऱ्याची मोहरी मागे रेटत तुमची बाहेर येतात. त्या प्याद्याचा मोबदला हा वेळ आहे, त्यामुळे पुढे मंद खेळू नका आणि ए५ वर कडेला पडलेल्या घोड्याला पुन्हा खेळात आणण्याची आठवण ठेवा. कधी पांढरा घोडा एफ३ ऐवजी एच३ वर नेतो. ती खेळी विचित्र दिसली तरी हलकी लेखू नये, कारण पुढे जगज्जेते झालेल्या बॉबी फिशर यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील पोकीप्सी येथे ग्रँडमास्टर आर्थर बिसगायर यांच्याविरुद्ध तीच खेळून, आणि राजाकडील प्याद्यांची रचना मोडू देऊनही, डाव जिंकला होता.

प्यादे गमावून खेळणे मनाला पटतच नसेल, तर तिसऱ्या खेळीला घोड्याऐवजी उंट सी५ वर काढा. मग डी८ वरच्या वजिराची नजर जी५ वर राहते आणि तो घोडा तिथे येऊच शकत नाही.