प्रसिद्ध व्यक्तींच्या जाहिरातीमुळे खप खरेच वाढतो का, की माहितीच्या एवढ्या माऱ्यात लोकांचे लक्षच टिकत नाही?

मी कोल्हापुरात वडिलोपार्जित चपलांचे दुकान चालवतो आणि तुमच्या या प्रश्नावरून माझे धाकट्या भावाशी आजही पटत नाही. माझे मत सरळ आहे. लोक थांबतात ते चेहऱ्यासाठी, मालासाठी नव्हे. आणि चेहऱ्यापलीकडे जे काही असते ते पाहण्याइतका वेळ त्यांच्यापाशी उरलेला नसतो.

दुकानाचे नूतनीकरण झाले तेव्हा उद्घाटनाला मालिकेतली एक अभिनेत्री बोलवावी असा भावाचा हट्ट होता. तिचे मानधन, सोबतच्या माणसांची सरबराई, मांडव आणि रील करणाऱ्या मुलांचे पैसे या साऱ्याचा हिशेब घातला, तर तेवढ्यात आमच्या कारागिरांना पुढच्या हंगामापर्यंतचे चामडे आगाऊ घेऊन देता आले असते. गर्दी मात्र एवढी झाली की रस्ता बंद पडला. बाईंनी कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार, घातली, आपण लहानपणापासून हीच वापरतो असे कॅमेऱ्यासमोर सांगितले आणि त्या गाडीत बसल्या. नवी कोल्हापुरी सुरुवातीला चावते, तिला तेल पाजावे लागते, हे त्यांना कोणी सांगितले नसावे, कारण थोड्या वेळाने त्यांच्या ड्रायव्हरने ती जोडी आमच्याकडे परत आणून दिली.

रील भरपूर फिरली, हे मान्य केले पाहिजे. त्यानंतर आलेले गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून म्हणायचे, "काका, ही मॅडमनी घातलेली दाखवा." मी जोडी उलटी करून तळाची शिलाई दाखवू लागलो, की हे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले आहे, ही शिलाई चामड्याच्याच वादीची, म्हणजे बारीक पट्टीची आहे, हिला खिळा लागत नाही, एवढे बोलून होईपर्यंत त्याची नजर पुन्हा मोबाइलकडे वळलेली असायची. किंमत ऐकल्यावर तो शेजारी जायचा आणि रेक्झिनची तशीच दिसणारी जोडी घेऊन आनंदाने घरी जायचा. त्यात त्याचाही फारसा दोष नाही, कारण रीलमध्ये दिसला होता तो फक्त आकार, आणि आकाराची नक्कल कोणालाही करता येते. म्हणजे पैसे आमचे गेले आणि जाहिरात रेक्झिनवाल्यांची झाली! भाऊ याला आजही 'ब्रँडिंग' म्हणतो.

हर्बर्ट सायमन या अमेरिकी विद्वानाने 1971 मध्येच मांडले होते की माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो. त्या दुष्काळात ओळखीचा चेहरा लवकर खपतो, कारण तो पाहिला की माणसाला स्वतः पारख करण्याचे कष्ट वाचतात. आमच्याच धंद्यातले पाहा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाची कायदेशीर ओळख, मिळाले, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आले, पण ते विचारायला आमच्या दुकानात कोणी फिरकले नाही. जून 2025 मध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापूरचे नावही न घेता तशा चपला मॉडेलांच्या पायांत घातल्या, देशभर ओरड झाली, मग कंपनीने या चपलांपासून प्रेरणा घेतल्याचे कबूल केले, आणि त्या दिवसांत आमच्या दुकानासमोर वार्ताहर उभे राहिले. त्यांच्यातल्याही एकाने वादी म्हणजे काय हे विचारले नाही.

याचा अर्थ प्रसिद्ध माणसाचा कधीच उपयोग नसतो असा नाही. पोलिओच्या मोहिमेत अमिताभ बच्चन यांनी सांगितले आणि लोकांनी ते ऐकले. मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. पण तिथे सांगायचे होते ते एवढेच, की मुलाला बूथवर न्या. डोस पाजायला आणि घरोघरी फिरायला हजारो आरोग्य कर्मचारी होते. सांगणे एका वाक्यात मावत असेल आणि मागे अशी यंत्रणा उभी असेल, तर प्रसिद्ध व्यक्तीवर खर्च करायला हरकत नाही. जो माल हातात घेतल्याशिवाय कळत नाही, त्याच्यासाठी करू नये.

तुमचा व्यवसाय कोणता ते तुम्ही लिहिलेले नाही, त्यामुळे साबण किंवा शीतपेय विकत असाल तर माझे म्हणणे सोडून द्या. कोणाला पैसे देऊन बोलवणारच असाल, तर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ती करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मी स्वतः त्या उद्घाटनाच्या अनुभवानंतर दुकानाच्या दर्शनी भागात एका कारागिराला बसवले. गिऱ्हाईक त्याचे काम पाहत उभे राहते, प्रश्न विचारते आणि किंमत ऐकून शेजारी जात नाही. भावाच्या मते त्याने जागा अडते. विक्रीची वही गल्ल्यावरच असते, भावाने ती अजून उघडलेली नाही.