५ वर्षांच्या मुलाचं नडगीचं हाड गुडघ्याखाली मोडलंय, पुढे पाय वाकडा होईल का?

होऊ शकतो, पण घाबरून जाऊ नका. गुडघ्याच्या जरा खाली मोडलं असेल तर हाड नीट जुळूनही पुढच्या वर्ष-दीड वर्षात पाय गुडघ्यात आत झुकू शकतो, आमच्या ऐरोलीच्या भाच्याचं तेच झालं, उभा राहिला की गुडघे चिकटायचे आणि घोटे लांब, बहीण रडकुंडीला आलेली पण डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची घाई नको, २-३ वर्षं बघू, आणि खरंच बराच सरळ झाला. बहुतेक मुलांचा होतो.

घोट्याजवळचं फ्रॅक्चर मला जास्त काळजीचं वाटतं, तिथे वाढीच्या पट्टीला (हाड जिथून वाढतं त्या भागाला) मार लागला तर पाय आखूड किंवा तिरका होऊ शकतो आणि ते लगेच कळत नाही, म्हणून प्लास्टर निघाल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस एक्सरे चुकवू नका.

आणि आत्ता महत्त्वाचं म्हणजे प्लास्टरमध्ये पोरगं सारखं किरकिरतंय, औषध देऊनही दुखणं वाढतंय, पायाची बोटं हलवली की किंचाळतंय, तर बोटं गुलाबी दिसली तरी सकाळची वाट बघू नका, ठाण्यात घोडबंदर रोडला कितीही ट्रॅफिक असो रात्रीच इमर्जन्सीला न्या, आत दाब वाढला तर काही तासांत स्नायू कायमचे खराब होतात.